देग घ्यायची तर चाचाही घ्या

आमच्या अब्बांना आयुष्यात दोनच खटल्यांमध्ये रस वाटला. पहिला शेजाऱ्याच्या पन्हळीचा, कारण तिचं पाणी आमच्या गोदामाच्या भिंतीवर पडायचं. दुसरा एका परदेशी सरकारनं जगातल्या एका बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीवर भरलेला. पन्हळीचा खटला कोर्टात जायच्या आधीच चहा पिऊन मिटला. दुसऱ्यानं मात्र आमच्या घरात असा गोंधळ घातला, की त्या सरकारला कळलं असतं तर त्यांनी पोस्टानं माफी पाठवली असती.

आमचं दुकान कामशेतला, स्टेशनकडून बाजारपेठेत येणाऱ्या रस्त्यावर. दुकान म्हणजे पुढं ओटा आणि मागं गोदाम. गोदामात लग्नाकार्याला भाड्यानं द्यायच्या देगी. देग म्हणजे तांब्याचं, मोठ्या पोटाचं आणि अरुंद तोंडाचं भांडं, आतून कल्हई केलेलं. एकीत अर्धं गाव जेवतं. आजोबांनी त्या एकेक करून जमवल्या आणि आमच्या भागात तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत अशा देगी दुसऱ्या कुणाकडे नाहीत. बाकीचे लोक ॲल्युमिनियमची पातेली देतात. पातेल्यातही बिर्याणी होते, पण तिला बिर्याणी म्हणताना माणूस जरा खाली बघतो. म्हणून कुणाकडेही मटणाचं मोठं जेवण निघालं, मग ते घर आमच्यातलं असो की शेतकऱ्यांचं, की माणसं आमच्या ओट्यावर येतात.

ओट्यावर आली की त्यांना आमचा नियम कळतो. देग घ्यायची तर चाचाही घ्यायचे.

चाचा म्हणजे अब्बांचे चुलतभाऊ आणि आमच्या देगींचे बावर्ची. नियम आजोबांचा. त्यांच्या काळात कुणीतरी नुसती देग नेली, तळाशी मसाला करपवला आणि कल्हई उडवून आणली. आजोबांनी त्या देगीकडे बघून डोळ्यांतून पाणी काढलं म्हणतात. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की आपली देग परक्या हातात द्यायची नाही. करपवणारा गेला, आजोबाही गेले, नियम मात्र ठणठणीत राहिला.

आता चाचांविषयी सांगायचं तर माणूस सोन्यासारखा. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, कुणाच्या आजीचा गुडघा कधी दुखायला लागला, सगळं त्यांना ठाऊक. बिर्याणी बरी करतात. पण दालचा! दालचा म्हणजे डाळ, दुधी आणि मटण ह्यांचं आमच्याकडचं घट्ट कालवण, भातावर घ्यायचं. चाचांचा दालचा खारट असतो. थोडाबहुत नाही, चांगला खारट. आणि आमच्याशिवाय देगी कुणाकडे नाहीत आणि चाचांशिवाय देगी मिळत नाहीत, म्हणून अख्ख्या मावळात वर्षानुवर्षं लोकांनी तेवढाच एक दालचा खाल्ला. त्यांची अशी समजूत झाली की दालचा हा पदार्थच खारट असतो. लोक ताटात थोडासा घेत, त्यावर भात जास्त ओढत आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवून बसत. तक्रार कुणीच केली नाही. समुद्राच्या पाण्याबद्दल कुणी तक्रार करतं का?

मी लोणावळ्याला एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. दिवसभर माझ्यासमोर कॉम्प्युटर असतो, म्हणून ज्या ज्या वस्तूला काच आणि उजेड आहे तिची घरातली तज्ज्ञ मीच, असं अब्बा मानतात. एका सकाळी त्यांनी माझ्यापुढे फोन धरला. "आपलं दुकान काढ बघू ह्यात."

मी 'कामशेत देग भाड्याने' असं लिहिलं. सर्वांत वर आली पुण्याची एक लग्नं लावून देणारी कंपनी. तिच्या फोटोत एकही भांडं नव्हतं, नुसती फुलं होती. त्याखाली लोणावळ्याचं एक रिसॉर्ट. त्याखाली स्टीलचे डबे विकणारा कुणीतरी. बोटानं बराच वेळ सरकवत गेल्यावर आम्ही सापडलो आणि नकाशावर आमची खूण इंद्रायणीच्या पात्रात होती.

"नदीत दाखवतंय," अब्बा म्हणाले.

"काठावर आहे हो."

"काठावर कुठं? हे बघ, निळ्यात आहे. आपण काय मासे हाय का?"

अब्बांच्या जिव्हारी लागलं ते. आजोबांच्या देगी, स्टेशनजवळची मोक्याची जागा आणि कुठल्या तरी कंपनीनं उचलून नदीत टाकलं. त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली. ज्या कंपनीचं ते शोधायचं यंत्र, तो नकाशा आणि फोनच्या आतलं सगळं सामान, तिच्यावर सरकारनं खटला भरला होता. सगळा बाजार आपल्या मुठीत ठेवते, दुसऱ्याला उभं राहू देत नाही, असा आरोप. अब्बांनी बातमी ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचली. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू खटल्यातली पहिली तक्रार आमच्या नदीतल्या खुणेचीच आहे.

त्यानंतर अब्बांनी तो खटला पाळला. दुसरी माणसं क्रिकेट पाळतात तसा. कुठल्या देशानं दंड केला, आपल्याकडे चौकशी कुठवर आली, निकाल काय लागला, कंपनी अपिलात का गेली. पेपरात नसलं की मला फोन करून विचारत. मी समोर उभ्या असलेल्या पाहुण्याला खोलीची किल्ली देता देता म्हणायची, "नाही अब्बा, आज काही नवीन नाही." पाहुण्याला वाटायचं घरात कुणी आजारी आहे.

समजावून सांगण्याची हौस तर विचारूच नका. ओट्यावर टेकेल त्याला खटला ऐकावा लागे. त्यात इंदुरीचे एक आबा होते. शेतकरी माणूस, अब्बांपेक्षा वयानं मोठे, बाजाराला आले की आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय जात नसत. त्यांना अब्बांनी एकदा सगळं उलगडून सांगितलं. कंपनी फोन बनवणाऱ्यांना म्हणते, माझी आतली यंत्रणा पाहिजे ना, मग माझी शोधायची पेटीही घ्या, माझा नकाशाही घ्या आणि पहिल्या पानावर ठेवा. नुसती यंत्रणा देणार नाही.

आबा म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाई शेट. सोपं करून सांगा."

"सोपं सांगतो. समजा तुम्ही माझ्याकडं म्हैस घ्यायला आलात. मी म्हणालो, म्हैस देतो, पण धार काढायला गवळी माझाच ठेवायचा. जन्मभर. चालंल का?"

"छ्या! म्हस माझी, दावं माझं, मंग गवळी तुमचा कशापायी?"

"बरोब्बर! हेच सरकार म्हणतंय!" अब्बांनी मांडीवर थाप मारली.

आबांनी चहाचा घोट घेतला. मग त्यांनी मान वळवून मागच्या गोदामात रांगेनं मांडलेल्या देगींकडे पाहिलं आणि त्या देगींच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या चाचांकडे पाहिलं. अब्बांचं तिकडे लक्षच नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या खटल्यानं माझंही डोकं बिघडवलं. लोणावळ्यात मला जिथं तिथं तोच प्रकार दिसायला लागला. आमच्याच हॉटेलात खोली घेतली की न्याहारी घ्यावीच लागते, मग पाहुण्याचा उपास का असेना. टॅक्सीवाले एका ठरावीक दुकानासमोरच गाडी थांबवतात आणि पाहुण्याला वाटतं चिक्की जगात एवढ्याच दुकानात मिळते. मी मॅनेजरला म्हटलं, आपल्यावर खटला होऊ शकतो. त्यानं मला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं.

आता फुपीकडे येते, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे. फुपी म्हणजे अब्बांची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परतली आणि आमच्या मागच्या खोल्यांत राहते. लहानपणी आजोबा तिला देगीशेजारी पाटावर उभं करून ढवळायला द्यायचे. ते म्हणायचे, हिचा हात माझ्यावर गेलाय. पण बाहेरगावी जाऊन देग लावायची ती पुरुषांनीच, म्हणून ती कामं चाचांकडे गेली आणि फुपीच्या वाट्याला कांदा आला. चाचांची कुठलीही ऑर्डर असो, आदल्या दिवशी आमच्या अंगणात बसून पोतंभर कांदा फुपीच कापायची. चाचा येऊन म्हणायचे, "बारीक कापतेस हां." एवढंच तिचं कौतुक. मला ते बघून राग यायचा आणि फुपी राग न आल्यासारखी बसली की अजूनच यायचा.

त्या वर्षी ईदला इंदुरीचे आबा आमच्याकडे आले. ओट्यावर नाही, घरात. फुपीनं घरच्यासाठी केलेला दालचा त्यांच्या ताटात वाढला. आबांनी सवयीनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला, एक घास घेतला आणि थांबले.

"बाई, ह्यात मीठ टाकायचं राहिलंय का?"

"न्हाई आबा. टाकलंय."

आबांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. तांब्याला हात न लावता त्यांनी ताट संपवलं आणि वाटी पुढं केली. "आवो, दालचा असा असतो व्हय?" त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा फसवणूक झाल्याचं दुःख जास्त होतं. इतकी लग्नं त्यांनी पाण्यावर काढली होती.

जाताना त्यांनी फुपीला सांगूनच टाकलं. नातवाची हळद आहे. हळदीच्या जेवणाचा दालचा तुम्ही करायचा. दोन देगी लागतील, त्या मी शेटकडून घेतो.

फुपीला त्या दिवशी काही सुचेना. भांडी घासायला बसली आणि धुतलेलीच पुन्हा घासली. ह्या वयात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हातचं म्हणून मोठं जेवण मागायला आलं होतं, कांदा कापायला नाही. मी म्हटलं, पातेल्यात कर, देगी नाही मिळाल्या तर. ती म्हणाली, "पातेल्यात केलं आणि जरा जरी बिघडलं तर लोक म्हणणार, बाईच्या जातीला जमलं न्हाई. मला बापाच्या देगीतच करायचंय."

दोन दिवसांनी आबा ओट्यावर आले आणि देगी मागितल्या, चाचांशिवाय. अब्बा हसले. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर माणूस हसतो तसे. "आबा, तुम्हाला नियम ठाऊक हाय."

"पण करणारी तुमचीच भैन हाय की!"

"भैन असली म्हणून काय झालं? देगीबरोबर बावर्ची जातो. आमच्या वडलांपासून."

आबा चहा न घेता उठले. आमच्या ओट्यावरून आबा चहा न घेता उठण्याची ही पहिलीच वेळ.

फुपी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "भाईजानच्या त्या खटल्यात काय काय म्हटलंय ते मला नीट सांग. आणि ती कंपनी काय उत्तर देते तेही." मी फोनवर शोधून, मला समजलं तेवढं वाचून दाखवलं. गंमत म्हणजे ते शोधलं त्याच कंपनीच्या पेटीत. फुपीनं डोळे मिटून ऐकलं. काही वाक्यं पुन्हा वाचायला लावली.

बाजाराच्या दिवशी ओटा भरलेला असतो. फुपी डोक्यावर पदर घेऊन पुढं आली. ती ओट्यावर सहसा येत नाही, म्हणून लोकांनी सरकून तिला जागा करून दिली. इंदुरीचे आबाही होते, जरा लांब, बाजारातली पिशवी धरून उभे. फुपी म्हणाली, "भाईजान, त्या कंपनीचं काय झालं हो? मला कुणी नीट सांगत न्हाई."

अब्बांना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी म्हैस काढली, गवळी काढला, रंगात आले. फुपी मधून मधून भाबडेपणानं विचारत होती.

"पण कंपनी तर म्हणत असंल ना, की आमी हे लोकांच्या भल्यासाठीच करतो?"

"म्हणतेच! चोराचं दुसरं काय असणार? म्हणते, बाहेरचं काही आत आलं तर फोन बिघडंल. सगळी सोंगं!"

"आणि म्हणत असंल, की आमचंच चांगलं हाय, म्हणून लोक आमचंच घेतात?"

"अगं, दुसरं घ्यायची सोयच ठेवली न्हाई, तर लोक दुसरं घेणार कुठनं? चांगलं का वाईट ते कळणार कसं?"

"मंग सरकारनं काय करावं, भाईजान?"

अब्बा उभे राहिले. न्यायाधीश उभे राहून निकाल देत नाहीत, पण अब्बांना बसून बोलवेना. "फोन येगळा करावा, पेटी येगळी करावी. ज्याला जे पाहिजे ते घेऊ द्यावं. संपलं!"

"व्हय शेट," लांबून आबांचा आवाज आला, "मंग देगी येगळ्या आन्‌ चाचा येगळं. संपलं."

ओट्यावर कुणी हसलं नाही, कारण हसू दाबण्यातच सगळे गुंतले होते. चाचा खुर्चीत जागे झाले. अब्बांनी फुपीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू सगळं कारस्थान मी लोणावळ्याहून चालवलंय.

"हे येगळं हाय," अब्बा म्हणाले.

"कसं येगळं?" फुपीनं विचारलं.

"देगीची कल्हई जाते. परक्याच्या हातात गेली की करपते. हे लोकांच्याच भल्यासाठी..." आणि इथं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. पण माणूस एकदा बोलायला लागला की थांबता येत नाही. "आणि चाचांचंच लोकांना आवडतं, म्हणून तर लोक घेतात!"

मला हसू आवरेना, म्हणून मी आत गेले. कंपनीचा वकीलही एवढं चांगलं बोलला नसता, आणि तो तर पैसे घेऊन बोलतो.

आमच्या घरात अपील अम्मीकडे जातं. अब्बांनी रात्रीच्या जेवणाला तक्रार मांडली, की सख्ख्या बहिणीनं भर बाजारात तोंडघशी पाडलं, वडिलांचा नियम मोडायला निघाली. अम्मी ताटात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "देगी द्यायच्या नसतील तर नका देऊ. पण मग उद्यापासून ह्या घरातला दालचाही चाचाच करतील."

अब्बांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आमच्या घरात चाचांचा दालचा कधी शिजलाच नव्हता. अब्बा घरी फुपीच्या हातचा खात आणि बाहेर चाचांचा पाठवत.

पण अब्बा हार मानणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी पेपर चाळून तोड काढली. एका ठिकाणी कंपनीला सांगितलं होतं म्हणे, की नवा फोन सुरू होताना माणसाला आधी विचारायचं, तुम्हाला कुणाची पेटी पाहिजे? निवडू द्यायचं. अब्बा म्हणाले, मीही विचारीन. गिऱ्हाईक ओट्यावर आलं की विचारीन, बावर्ची कोण पाहिजे, चाचा की आमची बहीण? झालं? न्याय झाला?

झाला न्याय. फक्त विचारायची जागा होती ओटा, आणि ओट्यावर खुर्चीत चाचा बसलेले असायचे, मांडीवर वाढायचा भला मोठा डाव घेऊन. येणाऱ्याला आधी चाचा चहा द्यायचे. मग, "तुज्या थोरल्याच्या लग्नात मीच होतो रे, आठवतंय का? तुज्या आजीचा गुडघा कसाय?" एवढं झाल्यावर अब्बा विचारायचे, "बोला, कोण पाहिजे?" आता आमच्याकडे माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. ज्या लग्नाला जायचं नाही त्याच्याही यजमानाला 'येतो की' म्हणतो. समोर चाचा बसलेत, हातात त्यांचाच चहा आहे आणि कोण म्हणणार, चाचा नकोत? लोक खाली बघत आणि म्हणत, "चाचाच द्या की." अब्बा मागं वळून घरात ऐकू जाईल असं म्हणत, "बघा! निवडलं!"

फुपी आतून ऐकायची. पहिल्यांदा ती हसली. नंतर हसेना. मला म्हणाली, "आबा तरी येतील ना गं?"

आबा आले. हळद जवळ आली होती. घरून ठरवून आले असणार, कारण चपला काढायच्या आधीच म्हणाले, "शेट, दोन देगी, आन्‌..." तेवढ्यात चाचांनी चहाचा कप पुढं केला. "आबा, कंबर कशीय? मागल्या खेपेला तुमी वाकत नव्हता. मी तेल दिलतं, लावलं का?"

"लावलं की," आबा म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. तेलानं त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

"बोला आबा," अब्बा म्हणाले, "कोण पाहिजे?"

दाराआड फुपी उभी होती, मी तिच्या मागं. आबांनी कपात पाहिलं, देगींकडे पाहिलं. कपाळावर घाम आला त्यांच्या. आणि मग त्या भल्या माणसानं ते केलं जे जगातल्या कुठल्याच सरकारला सुचलं नव्हतं. म्हणाले, "दोगंबी द्या."

अशी ती हळद झाली. इंदुरीला, किल्ल्याच्या खालच्या अंगाला आबांच्या शेतात मांडव होता. एका टोकाला चाचांची देग, दुसऱ्या टोकाला फुपीची. दोन्हींत दालचाच. भात आबांच्या घरच्या बायकांनी स्वतःच्या शेतातल्या इंद्रायणी तांदळाचा केला आणि त्यात कुणाही बावर्चीला नाक खुपसू दिलं नाही. अब्बा दोन्ही देगींच्या मधोमध उभे. म्हणत होते कल्हईवर लक्ष ठेवायला आलोय. मी रजा घेऊन गेले होते. मॅनेजरनं आनंदानं दिली.

जेवणं सुरू झाली. सगळी माणसं सवयीनं चाचांकडे गेली. रांग लागली. चाचा प्रत्येकाला नावानं हाक मारून वाढत होते. फुपी भरलेल्या देगीपुढं डाव धरून एकटी उभी होती आणि तिच्या पदराच्या गाठीशी तिची बोटं चाळा करत होती. तिच्यासाठी मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, मीच दहा ताटं घेऊन दहा वेळा जावं.

सर्वांत आधी आबा आले. त्यांच्या मागं त्यांची म्हातारी. तिनं एक घास खाऊन फर्मावलं, "ह्यात मीठ कमी हाय, मीठ आणा." कुणीतरी मीठ आणायला धावलं. ते येईपर्यंत म्हातारीचं ताट रिकामं झालं होतं. मीठ तिनं परत पाठवलं आणि आपल्या सुनांना हाक मारली. सुनांनी आपल्या बहिणींना. मग भराभर माणसं तिकडं सरकली. आणि थोड्या वेळानं तीच माणसं ताटं घेऊन पुन्हा आली.

चाचांच्या देगीपुढची रांग केव्हाच संपली होती. ते कमरेवर हात ठेवून पलीकडं बघत होते. मला त्यांनी खुणेनं बोलावलं.

"ती मानसं परत कशाला आलीत गं? पयल्यांदा मिळालं न्हाई का त्यांना?"

"मिळालं चाचा. अजून पाहिजे म्हणून आलीत."

"दालचा? परत मागतात?"

"हो चाचा."

त्यांनी आपल्या देगीवर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, माज्या हातचं एकदा घेतलं की मानसाचं पोट भरतं."

त्यांनी ताटांच्या चळतीतलं एक ताट उचललं आणि जाऊन रांगेत उभे राहिले. पुढची माणसं बाजूला होऊ लागली, तर त्यांनी हातानं थांबवलं. त्यांची पाळी आली तेव्हा फुपीचा डाव क्षणभर हवेत राहिला. मग तिनं वाढलं.

चाचा ताट घेऊन अब्बांशेजारी येऊन उभे राहिले आणि तिथंच उभ्यानं जेवले. शेवटचा घास संपवून त्यांनी अब्बांकडे पाहिलं.

"तू तरी सांगायचंस."

अब्बा नजर चुकवत म्हणाले, "तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं की," चाचा म्हणाले. "पर मीठ कमी टाकलं असतं ना मी."

अब्बा कल्हई बघायच्या निमित्तानं चाचांच्या देगीकडे वळले. चाचांनी ताट पुन्हा उचललं, पुन्हा रांगेत गेले आणि फुपीपुढं धरलं. माणसं जेवून देग जवळजवळ संपली होती. फुपीनं ती कलती केली, डाव आत खोल घातला आणि तळाशी घासला. कल्हईवर डावाचा स्वच्छ आवाज आला.

"भाई, तळाचं देते," ती म्हणाली. "करपलं न्हाई, बघ."